डॅम्पर नसलेला फोर्क डोंगराच्या नावाने विकू नका : सायकल उत्पादकांना खुलं पत्र

प्रति,
देशातील सायकल उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापन आणि गुणवत्ता विभाग

विषय : 'माउंटन बाइक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींच्या सस्पेन्शन फोर्कचा (पुढच्या, धक्के झेलणाऱ्या चिमट्याचा) दर्जा

महोदय, महोदया,

तुमच्यापैकी एका कंपनीकडून आलेलं दोन ओळींचं उत्तर समोर ठेवून हे पत्र लिहितो आहे. "फोर्कमधील प्ले ही नैसर्गिक झीज आहे. सायकल ऑफ-रोड वापरली गेल्याने वॉरंटी लागू होत नाही." प्ले म्हणजे भागांमधला सैलपणा. ज्या सायकलीबद्दल हे उत्तर आलं तिच्या फ्रेमवर मोठ्या अक्षरांत डोंगराचं नाव आहे, आणि तिच्या जाहिरातीत एक मुलगा ती घेऊन खडकावरून खाली उडी मारतो. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. कारण ज्या दोषाबद्दल लिहितो आहे तो मी इतर कंपन्यांच्या सायकलींतही पाहिला आहे, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे हे पत्र बाजूला ठेवतील.

मी कोण, हेही सांगायला हवं. मी ठाण्यात राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन विभागात नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे दुचाकींच्या फोर्कच्या नळ्या यायच्या. नळीचा व्यास, गोलाई, सरळपणा, क्रोमचा थर, पृष्ठभागाची सफाई, हे सगळं तपासून माल पास किंवा रिजेक्ट करणं हे माझं काम होतं. आता इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलांच्या सायकली दुरुस्त करून देतो. पैसे घेत नाही. त्यामुळे सायकल विकण्यात किंवा सुटे भाग खपवण्यात माझा काडीचाही फायदा नाही.

त्याच सायकलीवरून आमच्या इमारतीतली अकरावीतली मुलगी येऊरच्या उतारावर पडली. मनगट मोडलं. सायकल घेऊन वर्ष झालं नव्हतं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे जंगलाच्या पायवाटांवर सायकल घालायची नसते, आणि ती घालतही नव्हती. उपवनाकडून वर जाणाऱ्या डांबरी रस्त्याने ती सकाळी चढली आणि त्याच रस्त्याने उतरत होती. एका वळणाआधी डांबर उखडलेलं होतं, लागोपाठ खड्डे होते. तिने ब्रेक दाबला. तिच्याच शब्दांत, "काका, हँडल हातात उडायला लागलं आणि चाक माझं ऐकेना." रस्ता खराब होता हे मान्य, आणि त्याबद्दल महापालिकेला वेगळं पत्र लिहायला हवं. पण खराब रस्त्यासाठी म्हणूनच तर तिच्या वडिलांनी साध्या चिमट्याची सायकल सोडून अठरा हजारांची शॉकअपवाली घेतली होती.

तो फोर्क मी उघडला. वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक भाग मांडत गेलो. डाव्या पायात एक स्प्रिंग आणि वाळून घट्ट झालेलं ग्रीस. उजव्या पायात मार्गदर्शक दांडा सोडला तर काही नाही. स्प्रिंग नाही, ऑइल नाही, पिस्टन नाही. तो पाय उलटा केल्यावर तांबूस पाणी पडलं. आतली बुश, म्हणजे नळी जिच्यातून सरकते ती पांढऱ्या प्लास्टिकची कडी, पुढच्या बाजूला कागदासारखी पातळ झालेली आणि मागच्या बाजूला जवळजवळ नवीन. नळी आणि बुश यांच्या मधल्या फटीत फिलर गेजचं (फट मोजायच्या साधनाचं) अर्ध्या मिलिमीटरचं पान सहज सरकलं. ही फट वर, बुशपाशी आहे. दोन बुशमधलं अंतर या फोर्कमध्ये इतकं कमी आहे की खाली चाकाच्या आसाशी पोचेपर्यंत तीच फट तीन-चार पट होते. म्हणजे ब्रेक दाबला की चाक आधी मागे सरकणार, आणि मग थांबायला लागणार.

प्ले इतका महत्त्वाचा असूनही माझी पहिली तक्रार त्याबद्दल नाही. या फोर्कमध्ये डॅम्पर, म्हणजे उसळी आवरणारा तेलाचा भाग, नाही, आणि तो नसल्याचं तुम्ही गिऱ्हाइकाला कुठेच सांगत नाही, ही माझी पहिली तक्रार आहे.

तुमच्या अभियंत्यांना हे ठाऊक आहे, पण सायकल घेणाऱ्या आईवडिलांसाठी लिहितो. स्प्रिंग धक्का गिळत नाही. ती तो साठवून ठेवते आणि लगेच परत देते. धक्का खरोखर जिरवायचा असेल तर स्प्रिंगच्या जोडीला डॅम्पर लागतो. डॅम्परमध्ये पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपांमधून वाट काढावी लागते, आणि त्या झटापटीत धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. कार्यालयाच्या दाराला वरच्या बाजूला क्लोजर असतो तो आठवा. त्यात स्प्रिंगही असते आणि तेलही असतं, म्हणून दार सावकाश मिटतं. तेल गळून गेलं की तेच दार धाडकन आपटतं. बिनडॅम्परचा फोर्क खड्ड्यातून वर येताना हेच करतो. दबलेली स्प्रिंग सुटते, हँडल तळहातांवर वर फेकलं जातं आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. एकच खड्डा असेल तर निभावतं. लागोपाठ चार खड्डे किंवा रंबलर असतील तर पहिल्याची उसळी संपायच्या आत दुसरा येतो आणि उसळी वाढत जाते. चाक जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ ब्रेकही नाही आणि वळणावर पकडही नाही. तिच्या बाबतीत उतारावर काय झालं असेल, हे मला तो रिकामा पाय बघून कळलं.

यावर तुमच्या एका डीलरने मला सांगितलं की फोर्कमध्ये घर्षण असतं, तेच डॅम्पिंगचं काम करतं. हा युक्तिवाद कारखान्यातूनच येतो असं दिसतं, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. फोर्क हळू हलला तर तेल त्याला हलू देतं, जोरात दबला तर जोरात अडवतं. कोरड्या घर्षणाचं तसं नसतं. जागेवरून हलवताना ते सगळ्यात जास्त असतं आणि एकदा नळी सरकायला लागली की कमी होतं. म्हणून असा फोर्क बारीक खडीवर, पेव्हर ब्लॉकवर हलतच नाही, सगळी थरथर मनगटात येते. आणि मोठा खड्डा आला की तळापर्यंत जाऊन आपटतो आणि उलटा फेकतो. जिथे मऊ हवा तिथे ताठ, जिथे आवर घालायला हवा तिथे मोकाट. शिवाय घर्षण म्हणजे झीज. ज्या घर्षणावर तुम्ही भरवसा ठेवता तेच बुश खातं, आणि बुश खाल्ली गेली की प्ले येतो. प्ले ही 'नैसर्गिक झीज' असेल, तर ती तुमच्या रचनेतूनच आलेली आहे.

मागणी अवास्तव आहे असंही कुणी म्हणू नये. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या साध्या मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये तेल असतं, आणि ते कधी बदलायचं हे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही माहीत असतं. सायकलींचंही तसंच आहे. पॉल टर्नर यांनी 1989 मध्ये रॉकशॉक्स या कंपनीचा आरएस-1 फोर्क आणला, त्यात हवेची स्प्रिंग आणि तेलाचं डॅम्पिंग होतं. 1990 मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगो इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हरबोल्ड यांनी उताराची शर्यत रॉकशॉक्सच्या फोर्कवर जिंकली. त्याच काळात डग ब्रॅडबरी यांच्या मॅनिटू फोर्कमध्ये रबरासारखे इलॅस्टोमरचे ठोकळे वापरले जात. हलके, सोपे, पण थंडीत ते कडक व्हायचे आणि त्यांच्या परतीच्या उसळीवर हवा तसा ताबा ठेवता येत नसे. जगाने तो मार्ग सोडला आणि तेलाकडे वळलं. म्हणजे नुसती स्प्रिंग किंवा रबर पुरत नाही, हा धडा तीस वर्षांपूर्वीच शिकून झालेला आहे.

दुसरी तक्रार उत्पादनाच्या दर्जाची. इथे मी माझ्या पेशाचं बोलतो. फोर्कची आतली नळी, जिला स्टँचियन म्हणतात, ती सरकणारा भाग आहे. तिला हार्ड क्रोम हवं, दहा-वीस मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरी, आणि वर ग्राइंडिंग. मी पाहिलेल्या नळ्यांवर शोभेचं चकचकीत क्रोम आहे, जे मायक्रॉनहूनही पातळ असतं. ते फोटोत छान दिसतं. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शेजारी खाडी आहे. दोन पावसाळ्यांत त्या क्रोमखालून गंजाचे ठिपके वर येतात. गंजाचा प्रत्येक ठिपका सीलची (पाणी-चिखल अडवणाऱ्या रबरी कड्याची) कड कापतो, कापलेल्या सीलमधून पाणी आणि चिखल आत जातो, आणि ग्रीसची पॉलिश पेस्ट होऊन ती बुश घासत राहते. नवी मुंबईत पाम बीच रस्त्यालगत राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या सायकलीची गत याहून वाईट आहे, आणि तो ती कधी मातीत नेतही नाही.

नवीन सायकल दुकानातच तपासून बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्या हाताचं बोट नळी आणि खालचा पाय जिथे भेटतात त्या सीलवर ठेवायचं, आणि सायकल पुढे-मागे हलवायची. बोटाला टकटक जाणवली तर बुश सैल आहे. पार्किंगमध्ये आलेल्या कोऱ्या सायकलींमध्येही मला ही टकटक सापडली आहे. कोऱ्या मालात प्ले म्हणजे झीज म्हणता येत नाही. आमच्या विभागात असा नग आला असता तर लाल रंग लावून बाजूला गेला असता. म्हणून विचारतो : तुमच्याकडे येणाऱ्या फोर्कच्या लॉटमधून नमुना काढून नळीचा व्यास आणि बुशचं भोक कुणी मोजतं का? मोजत असेल तर किती फट चालवून घेता?

तिसरी गोष्ट थोडक्यात. पंचेचाळीस किलोची मुलगी आणि नव्वद किलोचा माणूस एकाच स्प्रिंगवर बसवला जातो. माणूस सायकलवर बसला की फोर्कने आपल्या एकूण चालीच्या (वरखाली सरकण्याच्या अंतराच्या) साधारण पंधरा ते तीस टक्के खाली बसावं, असा रिवाज आहे. त्या मुलीच्या सायकलीचा फोर्क ती बसल्यावर हललाही नव्हता. हवेच्या फोर्कमध्ये पंपाने हे जुळवता येतं. स्प्रिंगच्या फोर्कमध्ये वजनानुसार वेगळी स्प्रिंग द्यावी लागते, आणि तुम्ही ती सुटी विकतच नाही. वरती जी प्रीलोडची गोल चकती असते ती फिरवून स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, फक्त आधीपासून थोडी दाबली जाते. काही सायकलींत तर ती फिरवून आत काहीच होत नाही, हे मी उघडून पाहिलं आहे.

चौथी तक्रार दुरुस्तीची. बुश मागितली तर मिळत नाही. सील मिळत नाही. तुमच्या सेवा केंद्राचं एकच उत्तर : अख्खा फोर्क बदला. तो फोर्क पुन्हा तसाच, आणि किंमत सायकलीच्या चौथाई. रॉकशॉक्स किंवा फॉक्स यांचे फोर्क महाग आहेत हे खरं. पण कोणत्या पायात किती मिलिलिटर कोणतं तेल, कोणता बोल्ट किती घट्ट, ही त्यांची सर्व्हिस मॅन्युअल कुणालाही मोफत वाचता येतात. रॉकशॉक्स खालच्या पायांची सफाई पन्नास तासांच्या वापरानंतर करायला सांगतं, फॉक्स पूर्ण सर्व्हिस सव्वाशे तासांनंतर किंवा वर्षातून एकदा करायला सांगतं. तुमच्या पुस्तिकेत फोर्कबद्दल एवढंच आहे : "वेळोवेळी डीलरकडून तपासून घ्यावा." डीलरला काय तपासायचं ते कुणी सांगितलं आहे?

आणि शेवटी ती वॉरंटी. डोंगर दाखवून विकायचं आणि डोंगरावर नेलं म्हणून नाकारायचं, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. वस्तूत उत्पादनदोष असेल, रचनेत दोष असेल, किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना आणि इशारे दिले नसतील तर उत्पादक जबाबदार धरला जातो. दिशाभूल करणारी जाहिरातही त्याच कायद्यात येते. त्या मुलीच्या वडिलांना कोर्टकचेरी नको आहे आणि मलाही नको. पण इशारा बारीक अक्षरांत पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर टाकून उडी मारणारा मुलगा जाहिरातीत ठेवणं, याला पुरेशी सूचना म्हणता येणार नाही.

तुमची बाजू मी ऐकली आहे. गिऱ्हाईक शॉकअप मागतं, त्याशिवाय गिअरची सायकल खपत नाही, आणि त्या किमतीत हायड्रॉलिक फोर्क बसत नाही. यातली शेवटची गोष्ट मला मान्य आहे. दहा-पंधरा हजारांत चांगला डॅम्पर येणार नाही. मग त्या सायकलीला साधा, मजबूत, स्टीलचा चिमटा द्या. तो किलोभर वजनाचा असतो, स्प्रिंगचा स्वस्त फोर्क अडीच किलोच्या घरात जातो. वाचलेले पैसे रुंद टायरला आणि बऱ्या ब्रेकला घाला. सव्वादोन इंची टायर, त्यात वजनाला योग्य तेवढी हवा, घोडबंदर रस्त्याच्या सर्व्हिस रोडवर त्या रिकाम्या पायापेक्षा जास्त धक्के जिरवील, आणि हँडल कधी उलटं फेकणार नाही. गिऱ्हाईक शॉकअप मागतं, कारण वीस वर्षं तुम्हीच त्याला शॉकअप म्हणजे भारी सायकल असं दाखवत आला आहात. ते समजावून परत फिरवणंही तुमच्याच हातात आहे. शाळकरी मुलांच्या सायकलींना तर आता मागेही स्प्रिंग लावून 'ड्युअल सस्पेन्शन' म्हणून विकलं जातं. तिथे वजन आणखी वाढतं, पेडल मारताना सायकल डुलते आणि डॅम्पर मागेही नसतो. हे बंद व्हायला हवं, लगेच.

माझ्या मागण्या अशा :

डॅम्पर नसलेल्या फोर्कवर आणि सायकलीच्या माहितीपत्रकावर 'डॅम्पर नाही, फक्त पक्क्या रस्त्यासाठी' असं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक छापा. अशा सायकलीच्या नावात आणि जाहिरातीत डोंगर, उडी, खडक दाखवू नका.

फोर्कची खरी चाल, नळीचा व्यास, डॅम्पिंगचा प्रकार आणि चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा प्रत्येक मॉडेलसाठी जाहीर करा. 'फ्रंट सस्पेन्शन : होय' एवढ्यावर भागवू नका.

त्याच किमतीत साध्या चिमट्याचा पर्याय प्रत्येक डीलरकडे ठेवा.

बुश, सील आणि वेगवेगळ्या वजनांसाठी स्प्रिंगा सुट्या विका, मॉडेल बंद झाल्यावरही पाच वर्षं. फोर्क कसा उघडायचा, कोणतं ग्रीस, किती, हे मराठीसह भारतीय भाषांत मोफत उपलब्ध करा.

पहिल्या वर्षात बुशमध्ये आलेला प्ले उत्पादनदोष धरा आणि विनामूल्य दुरुस्त करा. आत्तापर्यंत या कारणावरून नाकारलेले दावे पुन्हा उघडा.

एक मागणी भारतीय मानक ब्यूरोकडेही आहे, म्हणून या पत्राची प्रत त्यांना पाठवतो आहे. आयएसओ 4210 या आंतरराष्ट्रीय मानकात सायकलीच्या फोर्कची ताकद आणि वारंवार भाराखालचा टिकाऊपणा तपासला जातो. फोर्क मोडू नये, सुटून येऊ नये, यासाठी ते आवश्यकच आहे. पण दबलेला फोर्क किती वेगाने परत येतो हे त्यात मोजलं जात नाही. सायकलीच्या रिफ्लेक्टरसाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. सस्पेन्शन म्हणून विकल्या जाणाऱ्या फोर्कसाठीही किमान डॅम्पिंगची आणि बुशच्या झिजेची चाचणी ठरवावी. यंत्र फार मोठं लागत नाही. ठरावीक वजन, ठरावीक उंची आणि उसळी मोजायची पट्टी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

जूनमध्ये शाळा-कॉलेजं सुरू होतात तेव्हा सायकलींची मोठी खरेदी होते. त्याआधी निदान इशारा छापण्याचं आणि जाहिराती बदलण्याचं काम व्हावं. त्याला नवा साचा लागत नाही, नवी यंत्रं लागत नाहीत.

तो फोर्क मी जोडलेला नाही. नळ्या, स्प्रिंग, दोन्ही बुश आणि माझी मोजमापं लिहिलेला कागद एका खोक्यात ठेवला आहे. तुमच्यापैकी कुठल्याही कंपनीने आपला गुणवत्ता अभियंता ठाण्याला पाठवला तर मी सगळं त्याच्यापुढे मांडीन. त्याने स्वतःचा मायक्रोमीटर आणावा, माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायची गरज नाही.

उत्तराची वाट पाहतो आहे. या वेळी दोन ओळींचं नको.

आपला,
एक निवृत्त इन्स्पेक्टर
ठाणे (पश्चिम)

प्रत : भारतीय मानक ब्यूरो